बृहदंत्राच्या कर्करोगाची शंका, महामारी आणि सीटी स्कॅन : काही बोध



गुदमार्गाने रक्त पडते अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात वरचेवर येत असतो. बहुतेक वेळा निदान त्याने स्वतःच केलेले असते. ‘मूळव्याध आहे, औषध द्या’ एवढेच तो सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. ज्या थोड्या रुग्णांच्या बाबतीत ते खरे नसते, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

2020 मध्ये कोविड-19 च्या महामारीने या प्रश्नाला वेगळीच धार आली. बृहदंत्राच्या कर्करोगाचे निदान ज्या तपासणीवर मुख्यतः अवलंबून असते ती कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदमार्गाने दुर्बीण घालून केलेली आतड्याची तपासणी, काही आठवडे जवळजवळ थांबली. तिची जागा अनेक ठिकाणी सीटी स्कॅनला घ्यावी लागली. या अनुभवातून सीटीचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट झाल्या. तो अनुभव समजून घेणे आणि आपल्या दैनंदिन व्यवहारात त्याचा उपयोग काय हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्लंडमधील अनुभव

या विषयाची तपशीलवार नोंद इंग्लंडमध्ये झाली, कारण तेथील आरोग्यसेवा एकछत्री आहे आणि रुग्णनोंदी देशपातळीवर एकत्र होतात. मार्च 2020 मध्ये ब्रिटनमधील पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या संघटनेने तातडीच्या वगळता अन्य सर्व दुर्बीण तपासण्या तूर्त थांबवाव्यात असा सल्ला दिला. कारणे तीन होती. तपासणीच्या वेळी विषाणूचे तुषार उडण्याची भीती होती, मलामध्येही विषाणूचे अंश आढळत होते आणि कर्मचारी व संरक्षक पोशाख यांची गरज अतिदक्षता विभागांना अधिक होती.

परिणाम त्वरित दिसला. एप्रिल 2020 मध्ये इंग्लंडमधील कोलोनोस्कोपींची संख्या 2019 च्या मासिक सरासरीच्या तुलनेत 92 टक्क्यांनी घटली. या कर्करोगाच्या शंकेने तज्ज्ञांकडे पाठविल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्याही त्याच महिन्यात 63 टक्क्यांनी उतरली. ही दुसरी संख्या अधिक विचार करण्याजोगी आहे. पहिली घट यंत्रणा बंद पडल्याने झाली, परंतु दुसरीत रुग्ण घरीच राहिल्याचा वाटा मोठा होता. भीतीने, संकोचाने, अथवा ‘आता डॉक्टरांना कशाला त्रास’ या विचाराने माणसे आली नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबर 2020 या काळात अपेक्षेपेक्षा साडेतीन हजारांहून अधिक कमी रुग्णांचे निदान व उपचार झाले. रोग कमी झाला नव्हता, तो केवळ नोंदीत आला नव्हता.

निदानातील विलंबाची किंमत काय, याचा एक गणिती अंदाज 2020 मध्येच ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार इंग्लंडमध्ये निदानानंतरच्या पाच वर्षांत केवळ या एका कर्करोगाने 1445 ते 1563 जादा मृत्यू होतील असे धरले होते. तो अंदाज होता, मोजणी नव्हे. तथापि त्यामागील तर्क आपल्या परिचयाचा आहे. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व असाध्य या अवस्थांमध्ये अंतर काळाचेही असते. आतड्याच्या आतील थरापुरता मर्यादित असलेला हा कर्करोग दहापैकी नऊ रुग्णांत पाच वर्षांच्या पुढे जगू देतो. यकृतात पसरल्यावर हेच प्रमाण दहात एकाच्या आसपास येते.

सीटी पुढे का आला?

सीटी स्कॅन हे तंत्र नवे नाही. सर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडन येथे 1971 मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना 1979 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीच्या चित्रांवरून आतड्याची आतली बाजू संगणकावर उभी करण्याची कल्पना 1994 मध्ये मांडली गेली. म्हणजे महामारीने नवे साधन दिले नाही. असलेल्या साधनाचे स्थान तेवढे बदलले.

सीटीमध्ये रुग्ण व कर्मचारी यांचा निकट संबंध अल्पकाळ येतो, गुंगीचे औषध लागत नाही आणि यंत्राची खोली लवकर निर्जंतुक करता येते. शिवाय आतड्याबरोबर यकृत, लसीकाग्रंथी व फुप्फुसांचा तळ ही स्थानेही त्याच वेळी दिसतात. त्यामुळे कोलोनोस्कोपीच्या प्रतीक्षायादीतील कोणास आधी बोलवावे आणि कोणास थोडे थांबवता येईल, हे ठरविण्यास सीटीचा उपयोग होऊ लागला.

मात्र ‘पोटाचा सीटी’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. या शंकेत त्याचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.

1) साधा पोट व श्रोणीचा सीटी. शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन हा केला जातो. आतड्याची पूर्वतयारी नसते. मोठी गाठ, भित्तीचा जाडपणा, अवरोध, यकृतातील प्रसार या गोष्टी यात दिसतात. लहान विकृती सहज निसटतात.

2) अल्प पूर्वतयारीचा सीटी. एक-दोन दिवस आधीपासून तोंडाने कॉन्ट्रास्ट देतात, त्यामुळे मल चित्रात पांढरा दिसून वेगळा ओळखता येतो. रेचन द्यावे लागत नाही. अतिवृद्ध व दुर्बल रुग्णांसाठी ही पद्धत महामारीपूर्वीही ब्रिटनमध्ये वापरात होती.

3) सीटी कोलोनोग्राफी. यात रेचन किंवा हलका आहार, तोंडाने कॉन्ट्रास्ट आणि गुदमार्गाने बारीक नळीतून कार्बन डायऑक्साइड वायू भरून आतडे फुगविणे, अशी तयारी असते. रुग्णाला उताणे व पालथे, अशा दोन स्थितींत चित्रे घेतात.

यांपैकी तिसरा प्रकारच कोलोनोस्कोपीच्या तोडीस येतो. ब्रिटनमधील 21 रुग्णालयांत लक्षणे असलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सीटी कोलोनोग्राफी व कोलोनोस्कोपी या दोन्हींनी कर्करोग किंवा मोठे पॉलिप शोधण्याचे प्रमाण सारखेच, म्हणजे 11 टक्के आले. परंतु सीटी कोलोनोग्राफीनंतर सुमारे 30 टक्के रुग्णांना पुढील तपासणी करावी लागली. कोलोनोस्कोपीनंतर हे प्रमाण 8 टक्के होते. सीटी शंका निर्माण करतो किंवा दूर करतो. ती सिद्ध करण्यासाठी दुर्बिणीकडेच जावे लागते.

सीटीच्या मर्यादा : चरकाच्या दृष्टीने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात, वस्तू विद्यमान असूनही ती प्रत्यक्ष का दिसत नाही याची कारणे सांगितली आहेत. सीटीच्या मर्यादा लक्षात ठेवण्यासाठी त्यांपैकी पाच कारणे मला उपयुक्त वाटतात.

आवरण : मलाने झाकलेली विकृती दिसत नाही. न फुगविलेले आतडे मिटलेले असेल तर त्याच्या घड्याही आवरणच ठरतात.

समानाभिहार : सारख्यात सारखे मिसळल्यास वेगळे ओळखता येत नाही. भित्तीला चिकटलेला मल गाठीसारखा दिसतो आणि गाठ मलासारखी.

अतिसौक्ष्म्य : सहा मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिप व चपट्या विकृती निसटतात.

करणदौर्बल्य : जुने यंत्र, अपुरी तयारी, रुग्णाची हालचाल.

मनोनवस्थान : चित्र पाहणाऱ्याचे लक्ष. ‘पोटदुखी’ एवढाच शब्द लिहून पाठविलेल्या रुग्णात पाहणारा एक पाहतो आणि ‘तीन महिने रक्तस्राव, वजन घट, पांडुता’ असे लिहिल्यास दुसरे पाहतो. हे करण आपल्या हाती आहे.

याच दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सीटीचे चित्र पाहून ‘प्रत्यक्ष दिसले’ असे आपण म्हणतो. वास्तविक ते अनुमान होय. क्ष-किरण किती शोषले गेले यावरून आत काय असावे याचा तर्क केलेला असतो. जाड झालेली भित्ती कर्करोगाची, क्षयाची, क्रोन व्याधीची किंवा साध्या शोथाचीही असू शकते. आपल्या देशात उण्डुकाच्या प्रदेशात तर क्षयाचा विचार नेहमीच करावा लागतो. निर्णय बायोप्सीच देते.

किरणोत्सर्गाचाही विचार हवा. पोट व श्रोणीच्या एका सीटीत साधारण 8 ते 10 मिलिसीव्हर्ट एवढी मात्रा शरीरास मिळते. निसर्गातून माणसास वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळते. साठीच्या रुग्णात कर्करोगाची शंका असता हा धोका गौण ठरतो. पंचविशीतील, मोड उघड दिसणाऱ्या रुग्णात ‘खात्रीसाठी’ सीटी करणे मात्र योग्य नव्हे.

मलातील रक्ताची तपासणी

महामारीत सीटीच्या जोडीला आणखी एक साधन पुढे आले. ते म्हणजे ‘फिट’, मलातील मानवी रक्ताचा अंश मोजणारी तपासणी. रुग्ण घरीच नमुना घेतो, त्यामुळे रुग्णालयात यावे लागत नाही. इंग्लंडमध्ये 9822 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, एक ग्रॅम मलात 10 मायक्रोग्रॅम रक्तरंजक ही मर्यादा धरली असता सुमारे 91 टक्के कर्करोग ओळखले गेले. 2 मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरल्यास हे प्रमाण 97 टक्के झाले. अंक जितका मोठा तितकी दुर्बीण लवकर, या न्यायाने रुग्णांचा क्रम लावता आला. 2023 पासून इंग्लंडमध्ये ही तपासणी प्राथमिक स्तरावरील नेमाचा भाग झाली आहे. तथापि 10 च्या मर्यादेत शंभरातील नऊ कर्करोग निसटतात, हेही विसरता कामा नये. लक्षणे टिकून राहिली तर एका ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबू नये.

आपल्याकडे आणखी एक पथ्य आहे. मांडूर, लोहभस्म यांचे कल्प चालू असता मल काळा होतो. म्हणून काळा मल म्हणजे रक्तच असे नव्हे आणि तो लोहामुळेच काळा असेही गृहीत धरू नये.

आपल्याकडील स्थिती

भारतातही चित्र निराळे नव्हते. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील 41 केंद्रांच्या अभ्यासात मार्च ते मे 2020 या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा 54 टक्क्यांनी, तर मोठ्या शस्त्रक्रिया 49 टक्क्यांनी कमी झाल्या.

महाराष्ट्रात सीटी हा शब्द घरोघरी पोहोचला तो याच काळात, परंतु वेगळ्या अर्थाने. कोविडसाठी छातीचा एचआरसीटी इतक्या प्रमाणात होऊ लागला की सप्टेंबर 2020 मध्ये राज्य शासनाला त्याचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार 2000, 2500 व 3000 रुपये असे बांधून द्यावे लागले. ‘स्कोअर किती’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी झाले. यातून एक घोटाळा निर्माण झाला, ज्याचा अनुभव मला स्वतःला आला. तो येथे सांगणे कर्तव्य समजतो.

रुग्णवृत्त

52 वर्षांचे, शेती करणारे एक गृहस्थ. 2017 मध्ये रक्तार्शासाठी माझ्याकडे उपचार घेऊन बरे झालेले. मे 2020 मध्ये त्यांचा दूरध्वनी आला. शौचाच्या वेळी रक्त पडते, कोठा साफ होत नाही, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. टाळेबंदी चालू होती. पूर्वीचे निदान मला ठाऊक होते. मी नागकेशर चूर्ण, अर्शकुठार रस, रात्री त्रिफळा आणि आहारात ताक अशी योजना फोनवरूनच सांगितली. रक्त कमी झाले. पंधरा दिवसांनी ‘बरे आहे’ असा निरोप आला. पुढे दोन वेळा तेच औषध त्यांनी मागवून नेले.

सप्टेंबरमध्ये त्यांना कोविड झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी एचआरसीटी झाला, व्याधी सौम्य निघाली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी फोनवर थकवा सांगितला. मी विचारले, ‘तपासण्या झाल्या का?’ ते म्हणाले, ‘हो वैद्यराज, सीटी काढला, त्यात काही नाही.’ थकवा कोविडोत्तर आहे असे मी मानले व बल्य औषधे दिली.

नोव्हेंबरमध्ये ते प्रत्यक्ष आले. नेत्रवर्त्म पांढरे पडलेले, वजन सात किलोने कमी. त्यांची धारिका उघडली तेव्हा सीटीचा अहवाल छातीचा असल्याचे मी पहिल्यांदा वाचले. पोटाचा सीटी झालेलाच नव्हता. गुदपरीक्षणात बोटाला काही लागले नाही. बोटावर काळसर लाल रक्त मात्र आले. हिमोग्लोबिन 7.8. शहरात कोलोनोस्कोपीसाठी तीन आठवडे थांबावे लागणार होते. म्हणून क्रिएटिनिन पाहून जवळच्या केंद्रात पोट व श्रोणीचा कॉन्ट्रास्टसह सीटी करविला. बृहदंत्राच्या शेवटच्या वळणात भित्ती सर्व बाजूंनी जाड, मार्ग अरुंद, शेजारच्या लसीकाग्रंथी वाढलेल्या, यकृत निर्दोष. हा अहवाल पाहताच शल्यतज्ज्ञांनी त्यांना तीन दिवसांत बोलावले. दुर्बीण व बायोप्सीने कर्करोग सिद्ध झाला. डिसेंबर 2020 मध्ये शस्त्रक्रिया आणि त्यानंतर केमोथेरपी झाली. आज ते शेतावर जातात.

शेवट चांगला झाला म्हणून दोष लहान होत नाही. मे ते नोव्हेंबर हे सहा महिने व्याधीने नव्हे, मी घालविले. त्यात तीन चुका होत्या. जुन्या निदानावर नवे लक्षण टाकले. उपशयाला निदानाचा पुरावा मानले. स्तंभन औषधाने रक्त थांबले म्हणजे कारण गेले असे नाही. आणि ‘सीटी झाला’ हे शब्द ऐकून कोणत्या अवयवाचा, हे विचारले नाही. महामारी हे पहिल्या चुकीचे निमित्त असेल. उरलेल्या दोन चुका कोणत्याही वर्षी घडू शकतात.

व्यवहारातील सूत्रे

1. गुदगत रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णात दर्शन व स्पर्शन झाल्याशिवाय प्रश्नावर थांबू नये. बोटाने गुदपरीक्षण करावेच. गुदद्वाराजवळची गाठ सीटीतही निसटू शकते; बोटाने ती कळते. उलट बोटास काही न लागणे म्हणजे वरच्या भागात काही नाही असे नव्हे.

2. पुढील स्थितींत रुग्णास त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे : चाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेला रक्तस्राव, तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकलेला मलप्रवृत्तीतील बदल, कारण न सापडणारा पांडू, वजन घटणे, पोटात लागणारी गाठ, जवळच्या नातलगात या कर्करोगाचा इतिहास. वय कमी आहे एवढ्यावरून निश्चिंत राहू नये.

3. पुरुषात व रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीत लोहाच्या कमतरतेचा पांडू आढळल्यास आतड्याचा विचार आधी करावा. उजव्या बाजूच्या कर्करोगात रक्त डोळ्यांना दिसतही नाही. केवळ लोहकल्प देऊन हिमोग्लोबिन वाढविणे म्हणजे खूण पुसणे होय.

4. कोलोनोस्कोपी उपलब्ध असल्यास तीच प्रथम. विलंब अटळ असेल, रुग्ण दुर्बल असेल किंवा अवरोधाची शंका असेल, तर सीटी. चिठ्ठीवर अवयव, कॉन्ट्रास्ट आणि शंका स्पष्ट लिहावी.

5. कॉन्ट्रास्टपूर्वी क्रिएटिनिन पाहावे. पूर्वीची ॲलर्जी, गर्भारपण व मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का, हे विचारून केंद्रास कळवावे.

6. आध्मान, छर्दी, वात व मल यांचा अवरोध ही लक्षणे असता विरेचन अथवा तीक्ष्ण बस्ती देऊ नये. बद्धगुदोदर व छिद्रोदर यांचे वर्णन आपण वाचलेले आहे. अरुंद झालेल्या आतड्यावर रेचनाचा जोर दिल्यास एकातून दुसरे उद्भवू शकते.

7. अहवाल स्वतः वाचावा. अवयव, दिनांक, तयारी पुरेशी होती का, या तीन गोष्टी निष्कर्षाच्या ओळीआधी पाहाव्यात.

8. दूरध्वनीवरून औषध द्यावे लागल्यास प्रत्यक्ष तपासणीचा दिनांक त्याच वेळी ठरवावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

उपसंहार

महामारीच्या काळात सीटीने एक बंद दार किलकिले ठेवले, हे त्याचे श्रेय आहे. इंग्लंडमधील आकडे पाहता खरी हानी तपासणीच्या निवडीत जितकी झाली, त्याहून अधिक ती रुग्ण तपासणीपर्यंत न पोहोचल्याने झाली. ग्रामीण भागात असा रुग्ण प्रथम आपल्याकडेच येतो. आपल्यावर त्याचा विश्वास असतो आणि लाजेमुळे तो अन्यत्र बोलत नाही. म्हणून आपण विचारलेला एक प्रश्न व केलेले एक परीक्षण त्याला योग्य वेळी योग्य ठिकाणी नेऊ शकते. सीटीची चिठ्ठी लिहिणे हा आपल्या शास्त्राचा पराभव नव्हे. अर्शाच्या औषधावर सहा महिने काढणे हा मात्र वैद्याचा पराभव आहे.

आपल्यापैकी ज्यांनी या काळात असे रुग्ण पाहिले असतील त्यांनी ते संघटनेच्या मासिक सभेत अवश्य मांडावेत, विशेषतः जेथे निदान चुकले ते. त्यातूनच आपण सर्व शिकू. इत्यलम्.